आळशी कोण, कंजूष कोण: दोन भावंडांच्या कारखान्याचं प्रकरण

‘स्वभावाला औषध नाही’ हे वाक्य मी पहिल्याच भेटीत दोनदा ऐकलं. एकदा बहिणीने भावाबद्दल म्हटलं, आणि ती फोन घ्यायला बाहेर गेली तेव्हा भावाने बहिणीबद्दल. कुटुंबाच्या व्यवसायात भागीदारांचं फाटलं की दोघांना समोरासमोर बसवून बोलतं करणं, हे माझं काम. या कामात हे वाक्य इतक्या वेळा कानावर येतं की मीही ते खरं धरून चालायला लागलो होतो. या प्रकरणात तेच मला महागात पडलं.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रकमांऐवजी प्रमाणं दिली आहेत. दोघांनी हा मजकूर वाचला आहे. दोघांना आपली बाजू थोडी कमी आल्यासारखी वाटली, तेव्हा तो बरोबर असावा.

पार्श्वभूमी

ताई ४६ वर्षांची, भाऊ ४०. जुनं लाकडी फर्निचर दुरुस्त करून, पॉलिश करून देण्याचा त्यांचा लहानसा कारखाना नऊ वर्षांचा आहे. हाताखाली तीन कारागीर. ऑर्डरी, वसुली, हिशेब आणि चिडलेल्या गिऱ्हाइकांची समजूत हे ताईकडे. सांधे, वेताचं विणकाम आणि शेवटचा पॉलिशचा हात भावाकडे. गिऱ्हाइकं भावाच्या हातावर खूश, आणि ताईने दिलेली तारीख पाळली जाते म्हणूनही खूश.

कारखान्याची महिन्याची कमाई १०० धरली, तर ३८ मजुरीत, २७ लाकूड-पॉलिश-बिजागऱ्यांत आणि ११ भाड्यात व विजेत जात. दोघं प्रत्येकी ६ घेत. उरलेले १२ ‘देखभाल व किरकोळ’ या खात्यात पडत. हे १२ लक्षात ठेवा.

वाद कशावरून झाला

एका हॉटेलकडून मोठं काम आलं: १४० खुर्च्या, ६० टेबलं आणि खोल्यांमधली सगळी कपाटं. आठ महिन्यांचं काम, उलाढाल जवळजवळ दुप्पट. त्यासाठी शनिवार पूर्ण दिवस, रोज संध्याकाळी दोन तास जादा आणि आणखी दोन कारागीर लागणार होते.

ताईच्या मते यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. भावाने ‘मला नको’ म्हटलं आणि पाच वाजता नेहमीसारखा घरी निघून गेला. तीन आठवडे दोघं कारागिरांमार्फत बोलत होते.

माझ्यासमोर आल्यावर नऊ वर्षांचं सगळं निघालं. “गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि हा हात धुऊन मोकळा,” ताई म्हणाली. मागच्या वर्षी त्याने न विचारता लाकडाचा भुसा ओढून घेणारं महागडं यंत्र आणलं, ते तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. भावाचं म्हणणं असं, की ताईला विचारलं की उत्तर ‘सध्या नको’ हेच येतं, आणि हे ‘सध्या’ नऊ वर्षं चालू आहे. “तिला रविवारीही चैन पडत नाही. बिलं घेऊन बसते. पैसा कशासाठी कमवतोय, हे तिला विचारा तुम्ही.”

तिला विचारलं. ती म्हणाली, “हा काय प्रश्न झाला?”

प्रश्नावली

इथे मी पहिला चुकीचा निर्णय घेतला. वातावरण निवळावं म्हणून दोघांकडून व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली भरून घेतली. मानसशास्त्रात आज सर्वांत जास्त वापरली जाणारी पाच गुणांची चौकट: नव्या अनुभवाची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि चिंतेकडे कल. मला वाटलं, आकडे समोर आले की आरोप थांबतील.

ताईचा काटेकोरपणा खूप वर आणि चिंतेकडे कलही वर. भावाची नव्या अनुभवाची ओढ खूप वर आणि काटेकोरपणा मध्यम. पुढच्या भेटीत दोघं हे कागद हत्यारासारखे घेऊन आले. “बघ, छापूनच आलंय, काळजी हा तुझा आजार आहे.” “आणि तुझा काटेकोरपणा मध्यम. मध्यम म्हणजे काय, ते मला विचार.”

मी त्यांना जे आधीच सांगायला हवं होतं ते इथे सांगतो. काटेकोरपणा आणि कामातली कामगिरी यांचा संबंध सगळ्या प्रकारच्या व्यवसायांत दिसतो, हे मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. पण तो सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) सुमारे ०.२ इतकाच आहे. म्हणजे माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला वीस-पंचविसावा हिस्सा या एका गुणाशी जोडता येतो. बाकीचा सगळा इतर गोष्टींचा. हजारो लोकांच्या गर्दीत हा गुण उपयोगी पडतो. एका भावाबद्दल निकाल द्यायला तो पुरत नाही.

वही आणि आरसा

कागद बाजूला ठेवले आणि दोघांना एकच काम दिलं: दोन आठवडे दिवसाची नोंद ठेवायची. कितीपर्यंत काम, किती वेळ मोकळा, त्यात काय केलं.

भावाला दिवसाला सरासरी चार तास मोकळे मिळत होते, ताईला पस्तीस मिनिटं. त्यातलीही बरीचशी कोठीची खोली आवरण्यात गेलेली.

भावाच्या नोंदीत मात्र एक शब्द रोज होता: ‘घासणं’. तो दुर्बिणीसाठी १५ सेंटिमीटर व्यासाचा आरसा घरी घासत होता. काचेच्या एका तबकडीवर दुसरी तबकडी, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी. आधी जाड भुकटी, मग बारीक, मग आणखी बारीक. हे सात महिने चाललेलं. नंतर पॉलिश, आणि मग फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेऑं फुको यांनी १८५८ मध्ये काढलेली सुरीच्या पात्याची चाचणी: आरशावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत पातं हळूहळू सरकवायचं आणि पडणाऱ्या सावल्यांवरून पृष्ठभागाचा दोष ओळखायचा. आरशाच्या आकारात प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाइतकी चूक राहिली तरी तारा फुटकाच दिसतो. त्याच्याकडे एक वही होती. प्रत्येक अर्ध्या तासाची त्यात नोंद होती: कोणती भुकटी, किती फेऱ्या, तबकडी किती अंशांनी फिरवली.

ती वही त्याने भेटीला आणली. ताईने पानं उलटली, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझ्या स्टॉकच्या रजिस्टरमध्ये तू नऊ वर्षांत एक ओळ लिहिली नाहीस.”

या वाक्यात राग होता. माझ्यासाठी मात्र सगळं प्रकरण तिथे फिरलं. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये मांडलेला मुद्दा जुना आहे, पण अशा वेळी आठवावा लागतो: एका ठिकाणची वागणूक पाहून तोच माणूस दुसऱ्या ठिकाणी कसा वागेल हे सांगायला गेलं, तर अंदाज फारसा लागत नाही. सहसंबंध ०.३ च्या वर क्वचितच जातो. नंतर यावर खूप वाद झाला, आणि अनेक दिवसांची सरासरी घेतली तर स्वभाव चांगला ओळखता येतो, हेही खरं ठरलं. पण माझ्यासमोर बसलेला ‘मध्यम काटेकोर’ माणूस भुकटीच्या फेऱ्या मोजत होता. मग प्रश्न असा झाला, की हा काटेकोरपणा कारखान्याच्या दाराशी का थांबतो?

त्याचं उत्तर साधं निघालं. “रजिस्टर तिचं आहे. मी एकदा लिहिलं होतं, तिने खोडून पुन्हा लिहिलं.”

पासबुक

चौथ्या भेटीत मी हिशेबाच्या वह्या मागवल्या. ‘देखभाल व किरकोळ’ म्हणजे काय, असं विचारल्यावर ताईने आधी यंत्रांचं तेलपाणी सांगितलं, पात्यांना धार लावणं सांगितलं. मग गप्प बसली. मग पर्समधून पासबुक काढून टेबलावर ठेवलं.

ते १२ भाग साडेआठ वर्षं दुसऱ्या खात्यात साठत होते. खातं दोघांच्या नावावर होतं. उघडताना भावाने न वाचता सही केली होती, नंतर ते त्याच्या गावीही नव्हतं. साठलेली रक्कम दोघांच्या उचलीसह कारखान्याच्या चौदा महिन्यांच्या खर्चाइतकी.

भाऊ पासबुकाकडे पाहत राहिला. “मी समजत होतो, आपण कसेबसे तगून आहोत.”

“तुला कळलं असतं तर उडवलं असतंस.”

“आणि तू नाहीच म्हणणार म्हणून मी यंत्र न विचारता आणलं, ताई.”

ज्याला दोघं नऊ वर्षं स्वभाव म्हणत होते, त्याचा मोठा भाग म्हणजे एकमेकांपासून लपवलेली माहिती होती. तो पैसे उडवतो म्हणून ती लपवते, ती नाकारते म्हणून तो परस्पर खर्च करतो. एकाचा पुरावा दुसऱ्याने पुरवायचा, असं हे चाललेलं.

भावाच्या तोंडी असलेल्या ‘कंजूष’ शब्दाबद्दलही इथे बोलायला हवं. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी २००८ मध्ये एक उपयोगी फरक मांडला. काहींना पैसे वाचवण्यात आनंद असतो, ते काटकसरी. काहींना पैसे देताना जिवाला लागतं, इतकं की स्वतःला जेवढा खर्च करावासा वाटतो तेवढाही त्यांच्याकडून होत नाही. वरून दोघं सारखेच दिसतात. ताईला विचारलं, खात्यातला आकडा वाढला की बरं वाटतं का? ती म्हणाली, “बरं नाही वाटत. त्या दिवशी झोप लागते, एवढंच.”

एकच वर्ष, दोन आठवणी

झोपेवरून वडिलांचा विषय निघाला. वडिलांचा व्यवसाय देण्यापायी बंद पडला तेव्हा ताई १७ वर्षांची होती, भाऊ ११ वर्षांचा. फोन ताई उचलायची. वडील घरी नाहीत असं सांगायचं, हे तिला शिकवलेलं होतं, आणि ते मागच्या खोलीत बसलेले असायचे. दारावर टकटक झाली की आजही तिच्या पोटात गोळा येतो.

भावाने हे कधी ऐकलेलं नव्हतं. त्याच्या लेखी ते वर्ष लहानपणातलं सर्वांत चांगलं. वडील पहिल्यांदाच दुपारी घरी असायचे. मागच्या खोलीत बसून त्यांनीच त्याला रंधा धरायला शिकवला होता.

मी या दोन आठवणींवरून फार मोठं निदान करणार नाही. बालपणीच्या एका प्रसंगात सगळं शोधण्याची हौस आमच्या क्षेत्रात गरजेपेक्षा जास्त आहे. पण ‘पैसा कशासाठी’ या प्रश्नाला दोघांची उत्तरं वेगळी का, हे त्या दुपारी दोघांना एकदम दिसलं. तिला पैशाने दार बंद ठेवायचं होतं. त्याला पैशाने दुपार मोकळी ठेवायची होती.

पर्याय

चार पर्याय टेबलावर आले. पूर्ण काम घेणं, पूर्ण नाकारणं, अर्धं घेणं आणि व्यवसाय वेगळा करणं.

शेवटचा पर्याय केवळ बोलण्यापुरता नव्हता. ताईने हॉटेलचं काम घेऊन नवे कारागीर ठेवायचे, भावाने जुन्या गिऱ्हाइकांचं नाजूक काम वेगळ्या जागेत करायचं, असा आराखडा त्यांनी माझ्याशिवाय बसून केला होता. कागदावर तो चांगला दिसत होता. मीही जवळजवळ होकार दिला होता. तो मोडला तो एका साध्या हिशेबावर: भावाच्या एकट्याच्या कामाला वसुली कोण करणार, आणि ताईच्या कारखान्यातलं शेवटचं पॉलिश कोण तपासणार? दोघांनाही त्यासाठी पगारी माणूस ठेवावा लागला असता, आणि तो माणूस हुबेहूब दुसऱ्या भावंडासारखा लागला असता.

पूर्ण नकार ताईला सहन झाला नसता. पूर्ण होकाराने भाऊ आठ महिने मनाविरुद्ध राबला असता, आणि मनाविरुद्ध केलेलं पॉलिश नंतर उचलून येतं, असं तोच म्हणाला.

काय केलं

आधी राखीव रकमेला तळ ठरवला: सहा महिन्यांचा खर्च. त्याखाली जायचं तर दोघांच्या सह्या. इथे घासाघीस झाली. ताईला दहा हवे होते, भावाला तीन पुरेसे होते. सहा हा आकडा कुठल्याही शास्त्रातून आलेला नाही. त्या आकड्यावर दोघं सारखेच नाराज होते. तळाच्या वर जे साठेल त्यातून दर तिमाहीत प्रत्येकाला एक ठरावीक भाग, त्याचं काय केलं हे दुसऱ्याने विचारायचं नाही. ‘विचारायचं नाही’ हे शब्द भावाने कागदावर लिहून घेतले.

हॉटेलच्या फक्त खुर्च्या घेतल्या, चार महिन्यांच्या मुदतीत. आठवड्यातून दोनच संध्याकाळी जादा काम, शनिवार मोकळा. स्टॉकचं रजिस्टर भावाकडे, आणि ताईने त्यात खोडाखोड करायची नाही.

उलट बाजूने ताईने बुधवारची दुपार सुट्टी घ्यायची. हे कलम सर्वांत सोपं वाटलं होतं, आणि तेच सर्वांत वाईट फसलं. पहिल्या चार बुधवारी तिने कोठी आवरली, जुनी बिलं लावली, एकदा कारखान्यातच येऊन बसली. मोकळं बसलं की छातीत धडधडतं, असं तिचं म्हणणं.

सबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामानंतरच्या विश्रांतीचे चार घटक सांगितले: मनाने कामातून बाहेर पडणं, शरीर-मन सैल होणं, नवं काही जमायला लागणं आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. मी तिला दुसरा घटक द्यायला निघालो होतो, तिला तिसरा लागत होता. नुसतं बसणं तिला शिक्षा होती. काही शिकायचं असेल तर ती येणार. ती पोहायच्या वर्गाला जायला लागली. कारण विचारलं तर म्हणाली, “पाण्यात फोन नेता येत नाही.”

एक गोष्ट मी मुद्दाम बोललो नाही. मारिसा शरीफ, कॅसी मोगिलनर आणि हॅल हर्शफील्ड यांचा २०२१ चा अभ्यास अमेरिकी लोकांच्या वेळेच्या नोंदींवर आहे. दिवसाला साधारण दोन तासांपर्यंत मोकळा वेळ वाढतो तसं समाधान वाढतं, मग स्थिरावतं आणि पाच तासांनंतर उतरू लागतं. त्या मापात भाऊ अगदी बरोबर बसत होता आणि ताई बाहेर. हे सांगितलं असतं तर तिसऱ्या दिवशी तो आकडा कारखान्यात तिच्या तोंडावर मारला गेला असता. प्रश्नावलीने मला एवढं तरी शिकवलं होतं.

अकरा महिन्यांनंतर

खुर्च्या तीन आठवडे उशिरा गेल्या. त्या तीन आठवड्यांत भाऊ स्वतःहून रात्री नऊपर्यंत थांबला. काम संपल्यावर मात्र न सांगता पाच दिवस आलाच नाही. ताईच्या मते दुसऱ्या गोष्टीने पहिली धुऊन निघाली. भावाच्या मते पहिलीमुळे दुसरी त्याच्या हक्काची होती. यावर तोडगा निघालेला नाही.

हॉटेलने टेबलं आणि कपाटं दुसऱ्याला दिली. त्यात किती मिळालं असतं, हे ताईला आजही तोंडपाठ आहे.

राखीव रक्कम एकदाच सहा महिन्यांच्या खाली गेली, दोघांच्या सह्यांनी, जागेच्या छपराच्या कामासाठी. त्या रात्री ताईने मला फोन केला. तिला सल्ला नको होता, आकडा मोठ्याने म्हणायचा होता. तो मी ऐकून घेतला.

रजिस्टर भाऊ लिहितो. त्याचा आरसा पूर्ण झाला आणि त्याने दुसरा, मोठा घासायला घेतला. ताईने पोहणं मध्येच दोन महिने सोडलं, मग पुन्हा धरलं.

आणि तीन कारागिरांपैकी एक सोडून गेला.

आज पुन्हा केलं तर

प्रश्नावली शेवटी, किंवा कधीच नाही. पासबुक पहिल्या भेटीत. ‘तुम्ही कसे आहात’ यापेक्षा ‘तुम्हाला काय माहीत आहे’ हे आधी विचारलं असतं तर तीन भेटी वाचल्या असत्या.

पण या दोन्हींपेक्षा मोठी चूक सोडून गेलेल्या कारागिराची. सहा महिने मी काम, पैसा आणि मोकळा वेळ यांवर दोन मालकांशी बोललो, आणि रंधा ज्यांच्या हातात होता त्या तिघांना एकदाही विचारलं नाही. तो दुसरीकडे गेला, कारण तिथे रोज जादा तासांचा पैसा होता. त्याला घर बांधायचं होतं. हॉटेलचं पूर्ण काम येणार असं त्याने धरलं होतं, आणि आम्ही अर्धं काम आणि मोकळा शनिवार ठरवला तेव्हा त्याच्या हिशेबात भोक पडलं. ज्या मोकळ्या शनिवारासाठी भाऊ भांडला, तो त्या माणसाला नको होता.

एमी व्रेझनिएव्हस्की आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये १९६ नोकरदारांचा अभ्यास केला. साधारण एक तृतीयांश लोक काम म्हणजे पोटापाण्याचं साधन मानत होते, एक तृतीयांश वर चढायची शिडी, आणि एक तृतीयांश ते काम हेच आपलं जीवनकार्य मानत होते. एकाच हुद्द्यावरच्या कार्यालयीन सहायकांमध्येही ही तिन्ही माणसं निघाली. हा अभ्यास मला कितीतरी वर्षांपासून माहीत आहे. तरीही त्या छताखालच्या तीन कारागिरांना मी एकच माणूस समजलो.

परवा ताईचा फोन आला. एका वाचनालयाचं काम आलं आहे, पाच महिन्यांचं. सोमवारी बसायचं ठरलं आहे आणि या वेळी उरलेले दोन्ही कारागीरही बसणार आहेत. त्यातल्या मोठ्याने आधीच निरोप पाठवलाय: त्याला जादा तास चालतील, पण फक्त सकाळचे.

“सकाळचे का?” मी विचारलं.

“ते विचारायला विसरले,” ताई म्हणाली. मग थोडं थांबून, “सोमवारी विचारते.”